कोकण किनारा बाईकवर : स्वस्तात मुक्काम हवाय, पण गाडी रात्री आत लागली पाहिजे

नगरचा_फटफटीवाला

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि मेव्हणा दोन गाड्यांवर नगरहून निघतोय. ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळा करत दिवेआगर आणि तिथून किनारा धरून खाली खाली रेडीपर्यंत, जमलंच तर पुढे गोवा, कारवार. मुंबई-गोवा हायवे शक्य तितका टाळायचा आणि वाटेतल्या सगळ्या जंगलजेट्या (खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी) करायच्या एवढं ठरलंय, बाकी काहीच ठरलेलं नाहीये.

अडचण राहायची. म्हणजे आम्हाला एसी नको, समुद्र दिसणारी रूम नको, स्विमिंग पूल तर नकोच नको. दोघांत मिळून हजार-बाराशे, फार तर दीड हजार, स्वच्छ संडास-बाथरूम आणि गरम पाणी मिळालं की बास. पण गाडी रात्री रस्त्यावर नको. माझी हिमालयन नवीन आहे, हप्ते अजून चालू आहेत, मेव्हण्याची शाईन जुनी आहे पण त्याचं तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. ॲपवर बघितलं तर जिथे तिथे 'फ्री पार्किंग' लिहिलंय आणि फोटोत बघावं तर रस्त्याच्या कडेला दोन कार उभ्या, आणि फोन केला तर 'हो हो पार्किंग आहे, या तुम्ही बिनधास्त'. आता याच्यावर किती विश्वास ठेवायचा? दुसरं म्हणजे सामान, सॅडलबॅगा रोज काढायच्या-बांधायच्या म्हटलं की अर्धा तास जातो, त्या गाडीवर ठेवता येतील अशी जागा असते का कुठे?

कोणी हा रूट केला असेल तर गावं सांगा, हॉटेलची नावं नाही दिली तरी चालेल, कशा प्रकारची जागा शोधायची ते कळलं तरी खूप झालं.

खाडीपलीकडचा

दादा, पहिली गोष्ट, फोनवर 'पार्किंग आहे का' हा प्रश्नच विचारू नका. कोकणात कोणीही नाही म्हणणार नाही, आणि ते खोटंही बोलत नसतात, त्यांच्या डोक्यात पार्किंग म्हणजे मुंबईवाल्याची एर्टिगा मावेल एवढी जागा, मग ती घरासमोर रस्त्याला असेना का. त्यापेक्षा सरळ विचारा, 'तुमची स्वतःची गाडी रात्री कुठे असते?' प्रत्येक घरात एक तरी ॲक्टिव्हा नाहीतर स्प्लेंडर असतेच. 'पडवीत' किंवा 'आत अंगणात, रात्री बेडं (म्हणजे फाटक) लावतो' असं उत्तर आलं की म्हणायचं, आमच्या दोन तिच्या शेजारी लागतील का. लागतात. आजवर मला या प्रश्नाला नकार मिळालेला नाही, फार तर 'जरा सकाळी लवकर हलवा हो, दूधवाला येतो' एवढंच.

दुसरं, हॉटेल आणि रिसॉर्ट या शब्दांच्या मागे लागू नका. रस्त्याला पाट्या असतात, 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय', तीच आपली जागा. ही घरं बहुतेक वाडीत असतात, भोवती चिऱ्याचा गडगा, आत नारळी-पोफळी, एकच वाट आणि त्या वाटेवर घरातली माणसं बसलेली. सीसीटीव्ही नसतो पण एक म्हातारी असते ओटीवर, ती रात्री अकराला कोण आलं आणि पहाटे चारला कोण उठलं सगळं सांगते.

आता गावांचं. दिवेआगरला अशी घरं भरपूर, आठवड्याच्या मधल्या दिवशी भावात ओढाताण चालते, शनिवारी मात्र पुणेकर पोचलेले असतात त्यामुळे विसरा. तिथून शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन, तो रस्ता समुद्राला एवढा चिकटून जातो की तिथे घाई करू नका, मग हरिहरेश्वर, बागमांडला, आणि जेटीने पलीकडे वेश्वी. वेश्वीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा. पुढे बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले. केळशी आणि आंजर्ले दोन्ही गावं मला मुक्कामाला दापोलीपेक्षा कैक पटीने बरी वाटतात, गर्दी नाही, गल्लीबोळ अरुंद पण घराघराला अंगण. वेळास कासव महोत्सवाच्या दिवसात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, शनिवार-रविवारी भरलेलं असतं, तुम्ही डिसेंबरला जाताय म्हणजे तो प्रश्न नाही.

आणि हो, ॲपवरून बुकिंग करणार असाल तर मुरुड दोन आहेत हे लक्षात असू द्या. एक जंजिऱ्याचं, रायगडातलं, आणि एक हर्णैजवळचं, दापोली तालुक्यातलं. माझ्या ओळखीतला एक जण दापोलीच्या मुरुडात उभा राहून मालकाला फोन करत होता आणि मालक जंजिऱ्याच्या मुरुडात गेटवर त्याची वाट बघत होता. दोघंही 'मी देवळासमोरच उभा आहे' म्हणत होते.

तिथून दाभोळ, दाभोळ-धोपावे जेटी, गुहागर. तवसाळ-जयगड जेटी, मग मालगुंड-गणपतीपुळे. गणपतीपुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आहे, स्वस्त आणि आवारात गाडी लागते, पण संकष्टी, अंगारकी आणि सुट्ट्या बघून जा. नाही मिळालं तर लगेच मागे मालगुंडला या, केशवसुतांचं गाव, पुळ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि भाव बरेच खाली.

एकच नियम पाळा, डिसेंबरात सव्वासहालाच अंधार पडायला लागतो, पाचला मुक्कामाच्या गावात असा. उजेडात जागा बघून हो-नाही करता येतं, अंधारात जे मिळेल ते घ्यावं लागतं आणि मग गाडी रस्त्यावर.

मुक्कामपोस्ट

वरच्यांचं घरगुतीचं सगळं बरोबर आहे पण मी जरा उलट बाजू मांडतो कारण मी कामासाठी फिरतो आणि मला पाचला पोचणं कधीच जमत नाही. एसटी स्टँडजवळच्या जुन्या लॉजांना उगाच नावं ठेवतात लोक. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, इथे साताशे-आठशेला साधी डबल रूम मिळते, रात्री दहाला गेलात तरी काउंटरवर माणूस असतो, आणि पहाटे निघायचं तर कोणाला उठवायला लागत नाही. घरगुती ठिकाणी रात्री दहाला पोचलात तर काकू जेवण झाकून ठेवून जागत बसतात आणि आपल्यालाच कसंतरी होतं.

फक्त लॉज घेताना तीन गोष्टी बघा. खाली परमिट रूम असेल तर पुढे चला, राहायला ठीक असेल एकवेळ, पण गाडीला वाईट, रात्री साडेअकराला पिऊन बाहेर पडणारे आपापल्या गाड्या काढताना तुमची ढकलणार, मिरर वाकवणार, आणि नवीन हिमालयन दिसली की कोणीतरी वर बसून फोटो काढणारच. दुसरं, गाडी मागच्या बाजूला लागते की पुढे. जुन्या लॉजांना बऱ्याचदा मागे बोळ किंवा आवार असतं, तिथे लॉजचं धुणं वाळत असतं, मॅनेजरला म्हणायचं तिथे लावतो, तो आधी 'पुढेच लावा ना काय होत नाही' म्हणतो, जरा धरून बसलं की ऐकतो. तिसरं, रूम बघायला वर जाल तेव्हा दोघं एकदम जाऊ नका. एक जण गाड्यांपाशी, एक वर. रूम पसंत पडल्यावरच सामान सोडायचं, कारण सामान सोडलेल्या माणसाला भाव करता येत नाही.

ओळखपत्र दोघांचं लागेल, एकाचं चालत नाही. रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहायचा रकाना असतो, तो आवर्जून भरा, बरेच जण रिकामा सोडतात. उद्या काही झालं तर गाडी तिथे उभी होती याचा तेवढाच कागद तुमच्याकडे असतो.

एकटी_पण_निवांत

मी हा पट्टा बऱ्याचदा एकटीने केलाय, स्कूटरवरही आणि बुलेटवरही, त्यामुळे माझी सुरुवात गाडीपासून नाही, घरापासून होते. फोन उचलणारे बहुतेक काका असतात, मी म्हणते 'काकूंना देता का जरा, जेवणाचं विचारायचंय'. काकूंशी दोन मिनिटं बोललं की सगळं कळतं, घरात कोण कोण असतं, दुसरी माणसं उतरली आहेत का, म्हणजे चार टाळकी बाटल्या घेऊन आलीयेत का, कडी आतून आहे का. आणि एकदा काकूंनी 'ये गं तू' म्हटलं की गाडीची काळजीच मिटते, आंजर्ल्याला एका घरी माझी बुलेट ओटीच्या पायरीला टेकून लावायला लावली होती त्यांनी, 'रात्रीची मांजरं बसतात हो सीटवर' म्हणून वर जुनं गोणपाट टाकलं.

मांजराची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. या पट्ट्यात गाडीला चोरापेक्षा बाकीच्यांचाच त्रास जास्त. मांजर सीटवर नखं काढतं, कुत्री टायर ओले करतात, वानरं आली तर आरसे ओढतात आणि टँकबॅगेत शेंगदाण्याचा वास जरी असला तरी चेन उघडून बघतात, खरंच उघडतात. बॅगेत खायचं काही ठेवू नका.

सॅडलबॅगांचं सांगते. सगळी बॅग काढायचीच नाही. आत एक एक साधी कापडी पिशवी घालायची, रोज लागणारे कपडे, चार्जर, कागदपत्रं त्यात, आणि रात्री फक्त ती पिशवी उपसून वर न्यायची. बॅगेत राहतं काय, रेनकोट, पंक्चर किट, चेन स्प्रे, पाण्याची बाटली. घराच्या आवारात एवढं राहिलं तर काही होत नाही. लॉजवर मात्र मी तेही ठेवत नाही. हेल्मेट कुठेच बाहेर नाही, आरशावर अडकवलेलं तर अजिबात नाही. आणि मोबाईलचा होल्डर काढता येणारा घ्या.

अजून एक, गुगल मॅपवर त्या जागेचे मालकाने टाकलेले फोटो बघू नका, लोकांनी रिव्ह्यूत टाकलेले बघा. कोणीतरी पोरांचा फोटो काढलेला असतो अंगणात आणि मागे आपल्याला हवं ते सगळं दिसतं, गेट आहे का, जमीन कशी आहे, गाड्या कुठे लागल्यात. सॅटेलाइट व्ह्यूचा कोकणात उपयोग शून्य, वरून बघितलं की नुसती नारळाची डोकी.

आगर_आणि_ओटी

मी गुहागर तालुक्यातला, घरी चार खोल्या पाहुण्यांना देतो. वरचं वाचून बरं वाटलं, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

बाईकवाल्यांना जागा द्यायला आम्हाला आवडतं, खरं सांगतो. कारवाल्या मोठ्या ग्रुपपेक्षा त्रास कमी, दमून आलेले असतात, जेवतात आणि नऊला झोपतात. पण काही गोष्टी सांगा ना आधी. किती गाड्या, किती वाजता येणार, जेवण शाकाहारी की मासे. आमच्याकडे हॉटेलासारखं फ्रीजमधून काढून तळणं नसतं, मासे हवे असतील तर सकाळी सांगायला लागतं, बाजारात जे आलं असेल ते आणतो. संध्याकाळी सात वाजता येऊन सुरमई मागाल तर आमटी-भात आणि पापडच मिळणार, तोही प्रेमाने. आणि मधे जेटी आहे हे विसरून वेळ देऊ नका. दाभोळला गाड्यांची रांग लागली की एक फेरी चुकते, मग दुसरी, आणि आम्ही इकडे भात दोनदा गरम करतो. शेवटची फेरी कितीची ते त्या दिवशी तिथे फोन करून विचारायचं, नेटवर कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या वेळेवर जायचं नाही. चुकलीच तर दाभोळहून गुहागर म्हणजे दापोली-खेड-चिपळूण असा सगळा वळसा आहे, रात्रीचा तो करू नका, दाभोळ-दापोलीकडेच कुठेतरी राहा आणि आम्हाला कळवा, आम्ही काही खात नाही.

गाडी लावण्याबद्दल. नारळाखाली लावू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो, प्रत्येक जण मान डोलावतो आणि सावली बघून नेमका तिथेच लावतो. नारळ पडला तर टाकीला पोचा, पण नारळापेक्षा झावळ जास्त पडते, वाऱ्याची गरजच नसते तिला, आणि ती बरीच जड असते. आम्ही दाखवू तिथे लावा, ती जागा बघूनच ठरवलेली असते. आमच्याकडे अंगण सारवलेलं आहे, साईड स्टँड रुततो, त्याखाली घालायला चिऱ्याचे चपटे तुकडे कोपऱ्यात ठेवलेत, ते घ्या. ऑइल गळत असेल तर आधी सांगा, पुठ्ठा देतो. एकदा अंगणात डाग पडला की तो पुढच्या सारवणापर्यंत माझ्या आईला दिसत राहतो आणि ती मला ऐकवत राहते.

बेडं आम्ही साडेदहाला लावतो, कुलूप नाही, नुसती अडसर. पहाटे लवकर निघणार असाल तर आदल्या रात्री हिशेब उरका आणि गाडी बंद ठेवून रस्त्यापर्यंत ढकलत न्या, मग स्टार्ट करा. बुलेट अंगणात पाच मिनिटं गरम करत बसणारे असतात त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, सभ्य लोक वाचतात.

गुहागर गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूला घरं, खालचा पाट आणि वरचा पाट. समुद्राच्या अंगाच्या घरांची मागची बाजू थेट किनाऱ्याला उघडते, लोकांना ती आवडतात. गाडीसाठी मात्र मागून किनाऱ्याकडे वाट असलेल्या घरात विचारून घ्या, मागचंही बेडं रात्री लावतात का.

भावाचं म्हणाल तर मधल्या दिवशी दोघांना हजार-बाराशे बहुतेक घरी जमतं, जेवण वेगळं. फोनवरून थेट आलात तर आम्हाला ॲपचं कमिशन द्यावं लागत नाही, ते थोडं तुमच्यासाठी सोडतो. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज गेली की गुगल पे पण गेलं. आणि गणपती-शिमग्याला येऊ नका राव राहायला, तेव्हा आमचीच माणसं मुंबईहून आलेली असतात आणि आम्हीच ओटीवर झोपतो. बघायला या, जेवायला या.

नगरचा_फटफटीवाला

वा वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'तुमची गाडी रात्री कुठे असते' हे आजच दिवेआगरला दोन ठिकाणी विचारून बघितलं, एकाने सरळ सांगितलं की त्यांची रस्त्यावरच असते, दुसऱ्याने म्हटलं पडवीत, आणि लगेच म्हणाले तुमचीही लावू, जागा करतो. तो नक्की केला.

आता दोन प्रश्न राहिले. एक, रत्नागिरीच्या पुढे, पूर्णगड-आंबोळगड-जैतापूर-विजयदुर्ग या पट्ट्यात फार काही दिसत नाहीये नेटवर, तिथे काय करायचं? दोन, लॉक कुठलं न्यायचं? मेव्हणा म्हणतोय अलार्मवालं डिस्क लॉक घेऊ, मी म्हणतोय जाड साखळी.

पान्हा_दहा_अकरा

अलार्मवालं नको!! गावात रात्री मांजर उडी मारून गेलं तरी ते बोंबलतं, अख्खी वाडी जागी होते आणि सकाळी चहा मिळत नाही. साधं डिस्क लॉक पुढच्या चाकाला, त्याला ती रंगीत दोरी येते ती हँडलला अडकवायची म्हणजे सकाळी लॉक असतानाच गाडी पुढे घेऊन आपटायला नको. शाईनला पुढे डिस्क नसेल, ड्रम असेल, तर त्या गाडीला साखळी. आणि साखळी असलीच तर दोन गाड्या एकमेकांना बांधा, किंवा पडवीच्या खांबाला, नुसती चाकातून फिरवून ठेवली तर उपयोग अर्धाच. हँडल लॉक रोज, विसरायचं नाही, लोक महागडं लॉक लावतात आणि हँडल उघडं ठेवतात.

इन्शुरन्सचा कागद आजच बघा. शाईन जुनी आहे म्हणताय, त्यावर नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीला काही मिळत नाही, चोरीसाठी पूर्ण पॉलिसी लागते. आणि चोरीच्या क्लेमला कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली घरी नीट ठेवून जा. एकमेकांच्या गाडीची जादा किल्ली एकमेकांच्या खिशात ठेवणारे पण असतात, हरवली तर उपयोग होतो हे खरं, पण मग ती पण सांभाळा. काही झालंच तर ११२ ला फोन आणि लगेच जवळच्या ठाण्यात तक्रार, दोन दिवस शोधाशोध करून मग जाऊ असं नको.

कव्हर न्या, हलकं, फाटकं असलं तरी चालेल, उलट फाटकंच बरं. झाकलेली गाडी कुठली आहे ते कळत नाही, पोरं वर बसत नाहीत आणि पहाटेचं दव सीटवर साचत नाही. एक मात्र, किनाऱ्यावर कोणी कितीही म्हटलं तरी गाडी वाळूत घालू नका, आणि घातलीच तर त्याच रात्री गोड्या पाण्याने खालून धुवा. खारं पाणी चेन, स्पोक आणि सायलेन्सर खातं. रोज संध्याकाळी चेनला स्प्रे. घरगुती ठिकाणी अंगणात नळ किंवा विहीर असते, पाणी विचारून घ्या, डिसेंबरात कोणी नाही म्हणत नाही, मे महिन्यात मात्र विचारायचीही लाज वाटेल.

तिरफळ_आणि_बांगडो

रत्नागिरीच्या खालचं मी सांगतो, सिंधुदुर्गातलो आहे.

तुमची शंका बरोबर आहे, रत्नागिरी सोडली की देवगडपर्यंत राहायच्या जागा विरळ. पावस, पूर्णगड, आडिवरे, कशेळी, जैतापूर, रस्ता फार देखणा पण मुक्कामाच्या पाट्या कमी. म्हणून ह्या पट्ट्यात अंदाजाने जायचं नाही, आदल्या दिवशी फोन करून ठरवून ठेवायचं. माझं मत असं की मालगुंड-गणपतीपुळ्याहून सकाळी लवकर निघा, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड करत विजयदुर्ग किंवा देवगड-कुणकेश्वर गाठा, दिवस पूर्ण जाईल पण जमतं. कुणकेश्वरला देवळाच्या आसपास साध्या खोल्या मिळतात, महाशिवरात्रीची जत्रा सोडली तर शांत. रत्नागिरीतच पेट्रोल फुल करा, मधे पंप शोधत बसू नका.

मालवणला राहाल तर बाजारपेठेत नको, गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की गाडी लावायला जागा मिळाली तरी सकाळी बाहेर काढताना चार टेम्पो हलवायला लागतात. तारकर्ली-देवबाग सगळ्यांना हवं असतं, पण देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मधे वाळूची पट्टी, घराघराच्या खळ्यात (अंगणात) पण वाळूच. साईड स्टँड वाळूत बसतोच, रात्री गाडी हळूहळू कलते आणि सकाळी आडवी. मेन स्टँड असेल तर तो, नाहीतर फळकूट मागा. शिवाय देवबागहून पुढे जायला पूल नाही, टोकाला संगम आहे आणि होड्या, गाडी घेऊन मागे मालवणच्या बाजूलाच यावं लागतं. म्हणून तुम्हाला एका रात्रीसाठी ते पुढच्या प्रवासाच्या दृष्टीने उलटं पडेल. त्यापेक्षा आचऱ्याला किंवा मालवणच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एखाद्या घरात राहा, किंवा सरळ वेंगुर्ल्यापर्यंत जा.

आमच्याकडे घरासमोर खळं असतं आणि बाजूला मांगर, जुन्या वस्तू, लाकडं, जाळी ठेवायला. पाऊस-दव असेल तर लोक गाडी मांगरात लावू देतात, विचारायला लाजू नका. वेंगुर्ल्याजवळ एका घरी उतरलो होतो तेव्हा माझ्या बरोबरचा मुंबईचा मित्र रात्री तीनदा उठून गाडी बघून आला, तिसऱ्यांदा आजी अंथरुणातूनच म्हणाल्या, 'अरे झिला, गाडी खंय पळान जातली? नीज आता.' तेव्हा कुठे झोपला.

फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेच्या वेळी मालवण-कणकवली पट्ट्यात खोली मिळणं मुश्कील असतं, इतर कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवा. डिसेंबरात गावोगावच्या जत्रा आणि दशावतार चालू असतात. मालकाला विचारा आज कुठे नाटक आहे का, असेल तर गाडी घरी ठेवून त्यांच्याबरोबरच जा, कारण तिथे रात्री गाडी लावायची सोय म्हणजे शेत.

खाडीपलीकडचा

तिरफळभाऊंशी सहमत, देवबाग एका रात्रीसाठी नको. फक्त मुक्कामपोस्ट यांच्या लॉजवाल्या मुद्द्यात एक जोड देतो, किनाऱ्याने जाणाऱ्याला लॉजसाठी चिपळूण-कणकवलीला जायचं म्हणजे समुद्र सोडून हायवेला चढायचं, मग किनाऱ्याचा बेत राहिला कुठे. पाऊस, पंक्चर, ताप असं काही झालं तर मात्र नक्की तिकडेच, गॅरेज, दवाखाना सगळं हायवेलाच.

जेट्या चुकल्या तर मार्ग सांगून ठेवतो. बागमांडला-वेश्वी बंद मिळाली तर आंबेत-म्हाप्रळच्या बाजूने मंडणगड. तवसाळ-जयगड चुकली तर भातगावच्या पुलावरून पलीकडे. दाभोळचं वर आलंच आहे.

एकटी_पण_निवांत

तेरेखोलचं कोणी सांगितलं नाही अजून. रेडीहून तेरेखोल किल्ल्याच्या बाजूला गेलात की नदी ओलांडायला फेरीबोट आहे, पलीकडे केरी. ती बोट बंद असेल तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून जा. पण मुक्काम शक्यतो अलीकडेच करा, शिरोडा किंवा रेडीत. पलीकडे केरी-हरमलला गेलात की डिसेंबरात भाव दुप्पट आणि गेस्टहाउसच्या समोर भाड्याच्या स्कूटरांची एवढी दाटी की तुमची हिमालयन त्यात शेवटून तिसरी, सकाळी काढायला सात जणांना उठवा. शिरोड्याला आरामात राहा, वेळागरचा किनारा बघा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता, आणि सकाळी गोव्यात शिरा.

नगरचा_फटफटीवाला

झालं, कागदावर मांडलं. दिवेआगर, मग आंजर्ले, मग गुहागर, मग मालगुंडला न थांबता... नाही, मालगुंडला थांबतोच, मेव्हण्याला पुळ्याचा गणपती करायचाय. मग कुणकेश्वर, आणि शेवटी शिरोडा. आगरवाल्या भाऊ, तुम्हाला खाजगी निरोप टाकलाय, दोन गाड्या, दोन माणसं, मासे खाणारे, ऑइल गळत नाही. जेटीला पोचलो की फोन करतो.

शाईनचा कागद बघितला. थर्ड पार्टीच निघाला. मेव्हणा आता सोमवारी एजंटकडे जातोय आणि माझ्यावर चिडलाय की मी बघायला का लावलं.

आगर_आणि_ओटी

निरोप मिळाला. त्या दिवशी गुरुवार येतोय, आमच्याकडे गुरुवारी मासे नसतात. वालाचं बिरडं चालेल का ते मेव्हण्यांना विचारून कळवा.